घोरण्यातला राक्षस

अहो, शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वन्संचा खोकला थांबला का? सूनबाई वेळेवर जेवते ना? इथे लेक-जावई आणि मी खुशाल आहोत.

लेकीच्या कॉम्प्युटरमध्ये एक सिंथेसायझर आहे. त्यात कुठलाही आवाज घातला की तो त्याच्या बारीक लहरी करतो, मग त्या पेटीसारख्या वाजवायच्या. माझी मीच शिकतेय. "मी घोरतच नाही" म्हणता ना, म्हणून पुराव्यासाठी मोबाइलवर घेतलेलं तुमचं घोरणं मी त्यात घातलं. खालच्या सुरात ताणलं, तर अंगावर काटाच आला!

लेक ज्यांच्या नाटकांचं संगीत करते, ते साहेब मंडळींसह घरी आले होते. ते ऐकून म्हणाले, "आजी, आमच्या नाटकातल्या राक्षसाला हाच आवाज हवा. कुणाचा हो?"

लाज वाटली, म्हटलं, "पाण्याच्या पंपाचा."

"बरं झालं, पंपाला मानधन नको!" सगळे हसले, मीही हसले. लेक मात्र हळूच म्हणाली, "आई, बाबांना पंप केलंस?" मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

तुम्ही हो म्हणालात तरच आवाज देईन, आणि कुणाचा ते सांगून देईन. नाही म्हणालात तर राक्षस पुसून टाकीन. मोबाइलमधलं घोरणं तेवढं राहू द्या. त्याच्याशिवाय इथे डोळ्याला डोळा लागत नाही.

रागावला असलात तरी उत्तर लवकर धाडा.

तुमचीच