आपापली जागा

प्रिय डेलमार,

शुक्रवारी मैदानावर हात मिळवताना बोलायला वेळ मिळणार नाही, म्हणून लिहितोय. तुझा फुटबॉलचा संघ चेंडू फेकत नाही, नुसता हातात धरून पळतो, आणि दर सामन्यात साडेतीनशे यार्ड पळतो, हे पश्चिम कॅन्ससमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे सोळा पोरं, त्यांतल्या एकाचा खांदा बांधलेला. तरी आमच्या एल्म फोर्कमध्ये सगळ्यांनी मनाशी धरलंय, की हा सामना जिंकला तर आपली शाळा बंद करायला शाळा-मंडळाला तोंड राहणार नाही. दुकानांच्या काचांवर तसं रंगवूनही ठेवलंय.

तुझी चाल मला पाठ आहे. चाल सुरू करणारा तुझा क्वार्टरबॅक चेंडू मधल्या गड्याच्या पोटाशी नेतो. कधी देतो, कधी काढून घेऊन स्वतः पळतो, कधी अगदी शेवटी कडेने पळणाऱ्या बाहेरच्या गड्याकडे टाकतो. त्यावर उतारा एकच. एकाने मधल्याला धरायचं, एकाने क्वार्टरबॅकला, एकाने बाहेरच्याला. चेंडू कोणाकडे का असेना. सहा आठवडे हेच शिकवतोय आणि सहा आठवडे हेच मोडतंय. मधे आमचा कुणी एकटा भिडला की तिघेही तिकडे धावतात आणि बाहेरची बाजू मोकळी पडते. कुणीकुणी सुचवतात, समोरच्यांच्या गुडघ्यांवर खालून पडायला शिकव, ढीग झाला की वाट आपोआप बंद. होईलही. पण तुझ्या पोरांचे गुडघे मोडून मला बुधवारी प्रार्थनेला बसता येणार नाही.

काल सरावात लोवेलला बाजूला घेतलं. बाहेरच्याला धरायचं काम त्याचं. विचारलं, 'बाबा रे, तुझा माणूस कुठे होता?' म्हणाला, 'बाहेरच होता. पण कोच, मधे टोबी एकटा सापडला होता.' म्हटलं, 'टोबी त्याचं बघेल.' तर म्हणतो, 'शेजारच्या ऑर्लिनकाकांना हृदयाचा झटका आला तेव्हा तुम्ही तुमचा गहू उभा सोडून त्यांचा कापायला गेला होतात ना?' त्या जूनमध्ये ऑर्लिनच्या शेतात कापणीची नऊ यंत्रं उतरली होती, आणि दुसऱ्या दिवशी गारपिटीने माझा गहू झोपवला. ही पोरं तेच बघत वाढली. आता त्यांना सांगतोय, शेजारी पडला तरी हलू नका.

आज सकाळी कॉफीला म्हातारा एल्डो चारचौघांत म्हणाला, 'वर्लिन, तुझी बचावफळी म्हणजे गोठ्याचं फाटक. गाय दिसली की आपणहून उघडतं.' सगळे हसले, मीही हसलो. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, 'शुक्रवारपुरती तरी कडी लाव बाबा. माझ्या नातीची त्या शाळेत अजून चार वर्षं आहेत.'

डेलमार, मंडळाने मागच्या मंगळवारीच ठरवलंय. मे महिन्यात शाळेला कुलूप. मुख्याध्यापकांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं आणि वर बजावलं, सामना होईपर्यंत तोंड उघडू नकोस, पोरांचा दम जाईल. तेव्हापासून रोज मी त्यांना संपलेल्या गोष्टीसाठी पळवतोय. ऑगस्टमध्ये ही पोरं तुझ्या शाळेत बसने येतील. मी येणार नाही. तुझ्याकडे शिकवायला माणसं पुरेशी आहेत, हे मला माहीत आहे. मागणं एवढंच. तीस गुणांनी पुढे गेलास तरी तुझे चांगले गडी बाहेर बसवू नकोस. कीव केलेली पोरांना लगेच कळते. शेवटच्या मिनिटापर्यंत पळव. लोवेल जागा सोडेल, तू त्याच बाजूने गुण घेशील. घे. पण पुढच्या वर्षी तो तुझ्या दारात उभा राहील, तेव्हा एवढ्यावरून त्याला संघाबाहेर ठेवू नकोस.

तुझाच,
वर्लिन