लिस्टवर टाकलेली जागा

पार्सिपनी, न्यू जर्सी
मंगळवार, ११ मार्च २०२५

तीर्थस्वरूप हेमचंद्रकाका,
नमस्कार. गुडघ्याची थेरपी सुरू केलीत का? काकूंनी दिलेलं मेतकूट संपत आलं.

परवा मंडळाच्या हॉलबाहेर तुम्ही मला हात केलात आणि मी पार्किंगमधूनच परत फिरले. बरं वाटत नाही असा मेसेज केला, पण तसं काही नव्हतं.

फेब्रुवारीत मंडळाच्या मेलिंग लिस्टवर मी मेल टाकला होता, 'आमच्या ऑफिसात डेटाबेसची एक जागा आहे, रेझुमे थेट मला पाठवा.' लिस्ट तुम्ही सांभाळता, नियमही तुम्हीच केलेत: रिक्रूटरने पहिल्याच ओळीत तसं सांगायचं, कंपनीचं नाव द्यायचं, आणि मेल आधी तुम्हाला दाखवायचा. प्रीताने लिस्टवरच सगळ्यांसमोर विचारलं, ही रिक्रूटरची जाहिरात आहे का? तुम्ही लिहिलंत, 'वीणाला मी दहा वर्षं ओळखतो. तिच्याच ऑफिसातली जागा आहे.' ते वाचून मी गप्प बसले.

काका, मी जानेवारीपासून रिक्रूटर आहे, दुसऱ्या कंपन्यांसाठी माणसं शोधते. जुनी नोकरी गेल्याचं तुम्हाला सांगवलं नाही. रिक्रूटर म्हटलं की लोक मेल न उघडताच डिलीट करतात, म्हणून लिहिलं नाही. चूक एवढीच, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

आपल्या गणपतीत साउंड बघणारा निहार, त्याचा ले-ऑफ झाला. तो नोकरीच्या व्हिसावर आहे. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर त्याला आणि सलोनीला देश सोडावा लागेल. सलोनीला सातवा महिना आहे. त्याने रेझुमे पाठवला, मग दर दोन दिवसांनी फोन. मी म्हणायचे, प्रोसेसमध्ये आहे. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, दूरच्या अ‍ॅशबर्न गावातल्या कंपनीची ऑफर सोडली. बाळंतपणाच्या तोंडावर घर हलवायला नको, आणि वीणाताईंच्या जागेबद्दल खुद्द काकांनीच लिहिलंय.

ती जागा नव्हतीच, काका. एका क्लायंटला दाखवायला आमच्या कंपनीला नुसते रेझुमे गोळा करून हवे होते. त्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं असतं तर पुढे जागा निघाली असती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

परवा पार्किंगमधून मी थेट त्यांच्या घरी गेले आणि दोघांना सगळं सांगितलं. सलोनी उठून आत गेली. निहार म्हणाला, "ताई, तेव्हाच नाही म्हटलं असतंत, तर मी तिकडे हो म्हटलं असतं."

माझ्यासमोरच त्याने अ‍ॅशबर्नला मेल केला. काल उत्तर आलं. ती जागा भरली, दुसऱ्या टीमचा इंटरव्ह्यू शुक्रवारी आहे. त्याच्या हातात बावीस दिवस उरलेत.

सोबत लिस्टसाठी माझा माफीचा मेल आहे. त्यात हे सगळं लिहिलंय, फक्त निहारचं नाव नाही. एकही शब्द न बदलता पाठवा, आणि कृपा करून माझी बाजू घेऊ नका. नंतर मला लिस्टवरून काढलंत तरी माझं काही म्हणणं नाही.

निहारखेरीज आणखी सव्वीस जणांनी रेझुमे पाठवले होते. उद्या सकाळपासून मी एकेकाला फोन करणार आहे. माझ्या भरवशावर त्यांच्यातल्या कुणी काय सोडून दिलं असेल, मला माहीत नाही.

तुमचा शब्द खोटा पाडणारी,
वीणा