भरलेल्या पाइपाचं वजन

प्रिय क्षितिजा,

हुश्श! काल आपल्या भोईवाड्यातल्या चाळीत आग विझवण्याचा नवा पाइप पाण्याने भरला आणि तो जागचा हललासुद्धा नाही. हे आधी सांगतो, कारण कालपासून जीव भांड्यात पडलाय आणि बोलायला घरात कुणी नाही.

मार्चमधली मीटिंग तू विसरली नसशीलच. गॅलरीच्या जुन्या सागवानी तुळयांना चार इंची पाइप टांगायचा, तर मीटरला एकवीस किलो धरा आणि हुक दुप्पट लावा, असं तू म्हणालीस. मी सगळ्यांसमोर हसलो. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करायची, उरलेल्याला पुन्हा जाडीने गुणायचं, मग पोलादाच्या ठरलेल्या आकड्याने. मीटरला बारा किलो, मी तोंडी सांगून मोकळा. चाळीस वर्षं मिलच्या स्टोअरमध्ये पाइप तोलले, बापाला शिकवतेस, असंही वर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझा आकडा मंजूर झाला आणि तू चपला घालून ठाण्याला निघून गेलीस. तेव्हापासून तुझा फोन नाही. मीही केला नाही, खोटं कशाला बोलू.

पाइपाचं काम घेतलेल्या एल्रॉयने काल व्हॉल्व्ह उघडला. पाणी चढल्याचा आवाज आला आणि मला एकदम उमगलं. अगं, स्टोअरमध्ये पाइप यायचे ते रिकामे! भरलेला पाइप मी जन्मात तोलला नव्हता. मीटरमागे जवळजवळ नऊ किलो पाणी मी धरलंच नव्हतं, आणि नेमक्या त्याखाली लीलाकाकू वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या. मी ओरडतच धावलो, त्यांना दंडाला धरून उठवलं, शेंगा सगळ्या गॅलरीभर. एल्रॉय म्हणाला, अप्पा, जरा वर तरी बघा. हट्टापायी मी इतके दिवस मान वर केलीच नव्हती. हुक दुप्पट होते. मग त्यानेच सांगितलं, तू त्याला फोन करून ते लावून घेतले होतेस, आणि अप्पांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल, असं बजावलं होतंस.

तुझा अपमान मी चारचौघांत केला, म्हणून आज सकाळी चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: पाइपाच्या वजनात माझी चूक झाली, क्षितिजाचं बरोबर होतं. खाली सही केली. लोक थांबून वाचतायत, वाचू देत. पण माफी काही फळ्यावर मागता येत नाही, म्हणून हे पत्र. मला माफ कर, बाळा. घरी ये.

तुझेच,
अप्पा