लाल काच

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९६१

प्रिय बाबा,

तुम्हा सगळ्यांना प्रभूमध्ये माझा सलाम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नका.

अभ्यासानं मात्र डोकं उठलंय. प्रयोगशाळेत एका धातूवर प्रकाश पाडून त्यातून वीज निघते का ते बघायचं होतं. दिव्यापुढे लाल काच लावली, तर मीटरचा काटा हलेना. शिरूरच्या चर्चमध्ये उजेड कमी पडला की तुम्ही पेट्रोमॅक्सला पंप मारता, तीच माझी सवय. मोठा दिवा आणला, अगदी जवळ ठेवला. सगळा आठवडा वाया गेला. मग सरांनी निळी काच लावून दिवा लांब नेला, तरी काटा हलला. जवळ आणला तसा आणखी सरकला. म्हणाले, लाल उजेड कितीही वाढव, या धातूतून काही सुटायचं नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं?

तुमचंही तेच चाललंय. लग्नासाठी परत ये म्हणून आधी तुमचं पत्र, मग दौंडच्या शलमोनमामांचं, आता चर्चच्या पाळकसाहेबांचं. आणखी दहा जणांना लिहायला लावलंत तरी परीक्षेआधी मी इथून हलणार नाही.

आईचा खोकला कसा आहे? एवढ्या पत्रांत कुणी त्याबद्दल अक्षर लिहीत नाही.

तिला मात्र मला लिहायला सांगू नका. तिच्या हातची एक ओळ आली, तर मी त्याच दिवशी दौंडची गाडी धरीन.

तुमची,
हन्ना