मामाचा बंद किनारा

मुंडरी पॉइंट,
६ ऑगस्ट १९९६

ती. लॉरेनताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार करून झाला, आता भांडते.

मामाला जाऊन सात महिने झाले. सुतकाच्या रीतीनं त्याचं घर बंद, घरापुढचा किनारा बंद, खाडीपलीकडचे कालवांचे खडक बंद. मामी धावपट्टीजवळ फांद्यांच्या मांडवात बसून आहे. सुतक फिटेपर्यंत आपल्या समुद्रातला मासा तोंडात घालत नाही, दुकानातलं डब्यातलं मांस खाते आणि पोट धरून बसते. काल मला म्हणाली, तुझा मामा जिवंतपणी मासे धरायला जायचा आणि चार-चार दिवस यायचा नाही, पण त्यानंही मला इतकं ताटकळवलं नव्हतं.

आपण त्याच्या बहिणीच्या मुली. धूर करून सुतक फेडायचं, किनारा उघडायचं काम भाच्यांचं, आणि तू थोरली. त्याच्या मुलांना, बापाचा किनारा असला तरी, हात लावता येत नाही. त्याचा क्लेटन माझ्या तोंडाकडे बघतो आणि मी टपालाच्या विमानाकडे. तू तिकडे किडनीच्या मशीनला बांधलेली, हे मला कळतं. मग 'तू कर' एवढे दोन शब्द धाड. पानं मी जाळीन, धूर मी करीन, पाणी मी शिंपडीन. नोव्हेंबरच्या पावसाआधी मामी घरात गेली पाहिजे, तो मांडव पावसात टिकायचा नाही.

मालाच्या बोटीच्या कप्तानाचं नाव आणि मामाचं नाव एकच. गेलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही, म्हणून सगळे त्याला 'ए बिननावाच्या' म्हणून हाक मारतात. तो चिडलाय. त्यालाही सोडव.

दुकानात फोन आहे, पण मागे रांग उभी राहून ऐकते. म्हणून हे पत्र. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर लावून घे. राग आला तर येऊ दे, लोभ तेवढा कमी करू नकोस.
तुझी,
डेल्विना


डार्विन,
११ ऑगस्ट

चि. डेल्विनास,
अनेक आशीर्वाद, भांडखोर बहिणीला दोन जास्त.

तुझं पत्र मशीनवर बसून वाचलं. चार तास नुसतं बसायचं असतं, म्हणून तीनदा वाचलं. अक्षर कोंबडीचं आहे, पण कळलं.

दोन शब्द मी धाडणार नाही. मी स्वतः येते. शनिवारी ३१ तारखेच्या विमानानं येईन, मंगळवारच्या विमानानं परत. मधला सोमवार मशीनचा, तो चुकेल. इथल्या नर्सला सांगितलेलं नाही, तूही कोणाला सांगू नकोस. माझ्या शेजारच्या खाटेवर बेटावरची ग्रेटा असते. ती म्हणते, एका वाराला काय होतंय.

मामीला सांग, आणखी तीन आठवडे धीर धर. माझ्यासाठी खेकडे ठेव. इथले खेकडे बर्फात ठेवलेले, त्यांना चव म्हणून नाही. मला विसरत नाहीस, असंच राहू दे.
तुझी ताई,
लॉरेन


मुंडरी पॉइंट,
१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू यायचं नाहीस.

जानेवारीत मामाच्या अंत्यविधीला आलीस, एक वार चुकवलास, आणि छातीत पाणी भरून तुला विमानात आडवी घालून न्यावं लागलं. ओठ निळे झाले होते. ते तू बघितलं नाहीस, मी बघितलं. इथे येऊन मेलीस तर तोच किनारा तुझ्यासाठी पुन्हा बंद होईल. मामी मांडवातच संपेल. एकाच्या जागी तिघांसाठी रडत बसू आम्ही.

मी धावपट्टीवरच्या तिकीटवाल्याला सांगून टाकलंय की शनिवारी माझ्या बहिणीला जागा द्यायची नाही. तो म्हणाला, तिनं पैसे भरले तर मी कोण. मी म्हटलं, मग तिला उतरवून घ्यायला पण तूच ये.

आणि एक सांगते. तुला तो किनारा उघडायचा नाही, धरून ठेवायचाय. लहानपणी खाऊची पिशवी धरायचीस तसा. आपण खायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही.

वाईट वाटेल. वाटू दे. मला लिहिताना बरं वाटलं असं समजू नकोस. माया आहे म्हणून लिहिते, नाहीतर टपालाचं तिकीट कशाला चाटलं असतं.
डेल्विना


डार्विन,
२५ ऑगस्ट

चि. डेल्विनास,
आशीर्वाद.

हो, धरून ठेवायचाय. तू बरोबर ओळखलंस.

तो बंद आहे तोवर माझं तिकडे काम बाकी आहे. काम बाकी असलेल्या माणसाची लोक वाट बघतात. ग्रेटानं दोन वर्षांपूर्वी तिचं काम तिच्या भावाला देऊन टाकलं. भाऊ फोन करतो, पैसे पोचले का विचारतो, तब्येत विचारतो. तू कधी येणार, हे आता तिला कोणी विचारत नाही. मला त्याची भीती वाटते, मशीनची नाही वाटत.

पण मामीचं पोट माझ्या भीतीपेक्षा मोठं आहे. तिकीट रद्द केलं.

तू कर. धूर जमिनीकडच्या दारानं आत ने, समुद्राकडच्या दारानं बाहेर काढ. मामीला पुढे चालव, तू मागे राहा. घाई करू नकोस, तुला सगळ्याचीच घाई असते. पाणी शिंपडून झालं की मोठ्यानं सांग की हे थोरलीनं सोपवलंय.

आता भांडायला काही उरलं नाही. तरी लिहीत जा.
लॉरेन


मुंडरी पॉइंट,
११ सप्टेंबर

ती. लॉरेनताईस,
सा. न. वि. वि. आज नमस्कार वाकून.

शनिवारी काम झालं. तू सांगितलंस तसंच, घाई न करता. पानं ओली निघाली, धुरानं क्लेटनचे डोळे सुजले, तो म्हणाला डेल्विनाआक्कानं मलाच शेकून काढलं. मामी पुढे चालली. घरात गेली, भिंतीला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, चूल कोणी हलवली. संध्याकाळी तिनं भाजलेला मासा खाल्ला, अख्खा, काटे चोखून.

घर उघडलं. पुढचा किनारा खाडीपर्यंत उघडला. खाडीपलीकडचे खडक मी उघडले नाहीत.

सगळ्यांसमोर सांगितलं, एवढंच थोरलीनं सोपवलंय, बाकी ती येऊन करील. हे खोटं आहे, तू सगळं सोपवलं होतंस. क्लेटन भडकला. म्हणाला, कालवं आत्ताच भरलेली आहेत, तिची वाट बघायची म्हणजे किती वर्षं? मी काही बोलणार त्याआधी मामी बोलली. म्हणाली, भाची जिवंत आहे, तिचं काम तिच्यासाठी राहील. तुला कालवं खायची तर दुसऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन माग.

इथे मशीन येईल असं मी लिहीत नाही. मला माहीत नाही. दवाखान्यातल्या बाईलाही माहीत नाही.

पण आता सगळं गाव खडकांकडे बघतं आणि मला पिडतं, तुझी बहीण कधी येणार. दुकानात विचारतात, बोटीवर विचारतात, क्लेटन तर सकाळ-संध्याकाळ विचारतो. मी कंटाळले. म्हटलं, तिलाच विचारा. तुझा पत्ता दुकानाच्या दारावर लावलाय. मंगळवारच्या टपालात सात पत्रं आहेत, त्यातली दोन क्लेटनची. उत्तरं तू देत बस.
तुझी,
डेल्विना