पडायला हवं असलेलं दार

बाबा, ज्यात दार पडतं तो जुना अमेरिकन विनोदी सिनेमा परवा मी पुन्हा पाहिला. आखातात असताना गुदैबियातल्या आपल्या घराखालच्या दुकानातून त्याची कॅसेट तुम्ही इतक्यांदा आणलीत, की तुम्ही दिसताच दुकानदार ती न विचारता काढून ठेवायचा. आईला वाटायचं, तुम्हाला त्यातली नटी आवडते. तुम्हाला आवडायचं ते दार. नायक धावत येऊन खांदा मारतो आणि अख्खं दार चौकट सोडून आडवं होतं, एवढंच. मी हसून लोळायचे, तुम्ही कॅसेट मागे नेऊन बिजागऱ्या बघत बसायचात. सुरुवातीची नावं मला वाचायला लावायचात, कारण इंग्रजी शाळेत मीच होते. पटकथा, कॅमेरा, कपडे, केशभूषा, एकेक नाव मी वाचते आहे आणि तुमचं आपलं एकच, "सुताराचं नाव वाच." ते नसायचंच. "मग दार काय केस विंचरणारीनं केलं?" असं म्हणून तुम्ही पुन्हा कॅसेट मागे न्यायचात. ते दार किती वेळा पाडलं असेल, दर वेळी नवं केलं असेल की तेच उभं केलं असेल, याचा तुम्हाला ध्यासच लागला होता.

त्याच वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात दार मोडून आत शिरायचा प्रवेश आला आणि नेपथ्य तुमच्याकडे आलं. जन्मभर वर्कशॉपमध्ये परक्यांच्या घरांसाठी फर्निचर केलंत, पण आपल्या माणसांनी तुमचं काम एकत्र बसून पाहावं अशी ही पहिलीच वेळ होती. तालमीत नायक झालेले ड्रायव्हरकाका जीव खाऊन धावले, दारावर आपटले आणि मटकन खाली बसले. दार जागचं हललं नाही. "मेलो रे!" काका ओरडले. दाराकडे बघून तुमचा चेहरा आधी खुलला आणि मग पडला. तुम्ही सांधे ढिले करायला बसायचात, पण उठेपर्यंत तुमच्याच हातांनी ते पुन्हा घट्ट केलेले असायचे. कच्चं काम तुम्हाला येतच नव्हतं. शेवटी दिग्दर्शक म्हणाले, "राहू दे, पडदा लावू. दार खलास." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

शुक्रवारी सकाळी तुम्ही फळ्या गच्चीवर मांडल्यात आणि आईच्या हातात हातोडी दिलीत. एरवी तुमच्या हत्यारांना कुणी हात लावलेला तुम्हाला खपत नसे.

"माझ्यानं होत नाय. तू ठोक."

"मी? अहो, मला काय येतं त्यातलं?"

"जमेल तसं ठोक. मी बघणार नाय." आणि खरंच तुम्ही पाठ करून बसलात.

प्रयोगात काका धावतात, खांदा लागतो न लागतो तोच दार धाडकन आडवं होतं आणि काका त्यावरून थेट सोफ्यात जाऊन पडतात. हॉलमध्ये हसून हसून लोकांची पुरेवाट होते. तुम्ही विंगेत तोंडावर हात दाबून हसता आहात. शेवटी नेपथ्यासाठी तुमचं नाव पुकारलं, तेव्हा पुढे येऊन तुम्ही समोर बसलेल्या आईकडे बोट दाखवलंत. "दार तिचं हाय!" पुढे कित्येक वर्षं घरी येईल त्याला तुम्ही हे सांगायचात. कुठं किती कच्चं ठेवायचं ते हिला बरोबर कळलं, म्हणायचात.

परवा सिनेमा संपल्यावर मी आईला विचारलं, इतकं बेतून कच्चं कसं काय ठोकलंस? ती चिडलीच. "कच्चं? जीव ओतून ठोकलं होतं! ह्यांनी पहिल्यांदा हातोडी दिली होती हातात. दार पडलं तेव्हा रडूच आलं मला. पण हे इतके खूश, मग कशाला सांगू?"

हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं तिनं मला बजावलंय. म्हणून हे पत्र मी फाडून टाकणार आहे, नाहीतरी पाठवायचं कुठे? पण खरं सांगू का बाबा, तुमचा पत्ता असता तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्हाला इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलंय.