भरलेली टाकी आणि डावा कान

औरंगाबाद,
रविवार, ७ एप्रिल २०१३

चि. सावनीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पाणी चौथ्या दिवशी, आईचे गुडघे रोज.

पत्रास कारण एक गंभीर तक्रार. तुझ्या त्या एमपी-फोर प्लेअरच्या इअरफोनचा उजवा कान मेला आहे. पन्नाशीच्या गृहस्थाला जगातलं सगळं संगीत डाव्या कानानं ऐकावं लागतं, आणि उजव्यानं तुझी आई. बटणं तर इतकी बारीक, की आवाज वाढवायला जावं तर गाणंच बदलतं. हे यंत्र मुंग्यांसाठी बनवून चुकून माणसांना विकलेलं दिसतं.

आता तू म्हणशील, प्लेअर बाबांकडे कसा? आईनं तर तीनदा फोनवर सांगितलं, की शोधूनही सापडत नाही. ते तिनं माझ्या सांगण्यावरून सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. तो डिसेंबरातच तुझ्या कपाटात, ओढण्यांच्या खाली सापडला होता.

तुझ्या गाण्याच्या बाई गेल्या, त्यांच्या बंदिशी फक्त त्यातच आहेत, आणि मे महिन्यात पुण्याच्या कार्यक्रमात तुला त्यातलीच एक गायची आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी दिला नाही.

हल्ली नळाच्या दिवशी पहाटे गच्चीवर टाकीपाशी बसायचं काम माझं. तिथून बीड बायपासकडच्या नव्या इमारती दिसतात. एकीचं नाव 'लेक व्ह्यू'. लेक कुठंय ते बिल्डरनं अजून सांगितलेलं नाही. मी आपला प्लेअर काढतो आणि तू कॉलेजात असताना काढलेला तो नाथसागराचा व्हिडिओ लावतो. काड्यापेटीएवढ्या पडद्यावर धरण काठोकाठ भरलेलं. तुझी आई साडी सावरत पाण्यात उभी, आणि लाट आली की ओरडते. इकडे अंधार विरघळत असतो, गच्ची अजून गार असते. बघता बघता मला वाटतं, आपण तळहातावर पाणी धरून बसलोय, आणि हात हलवला तर सांडेल.

गेल्या बुधवारी खरंच सांडलं. कानात पाणी खळाळत होतं. मला वाटलं, नाथसागरच. छान मान डोलावत बसलो. टाकी भरून वाहत होती, पाणी पाइपावरून गल्लीत उतरलं होतं. खालून समोरच्या आशाबाई ओरडल्या, "अवो सावनीचे बाबा! कानात बोळे घातलेत का? गल्लीत पाट वाहायलाय!"

धावत खाली गेलो, व्हॉल्व्ह बंद केला. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या. "पेपरात लई लिहिता ना लोकांच्या टाक्यांवर? आता हे बी छापा."

"चुकलं, आशाबाई. ऐकूच आलं नाही."

"व्हय, तुम्हाला कुणाचं ऐकू येतं?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. वाहत्या टाक्यांवर मी तीन लेख लिहिलेत. इतकं नेमकं वाक्य त्यांत एकही नाही.

त्या वाक्यानं मला जिथं नेऊन सोडलं, ते आता लिहितो. मागच्या वर्षी मी सदरात लिहिलं होतं, 'पहाटे आमच्या नळाला नुसती हवा येते आणि घरात कन्येचा रियाज सुरू होतो. दोन्ही आवाजांत फरक करता येत नाही.' लोक हसले. संपादकांनी फोन करून शाबासकी दिली. तू तो अंक घडी घालून टेबलावर ठेवलास, आणि आठवड्यात पुण्याला गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, नोकरीसाठी गेली.

प्लेअर ठेवून घेतला, कारण तो गेला की या घरात तुझा आवाज उरत नाही. तुला फोन करण्यापेक्षा चोरून ऐकणं सोपं होतं. फोनवर तू उत्तर दिलं असतंस.

बाईंच्या बंदिशींच्या खाली तुझ्या रियाजाच्या फायली आहेत. त्यातल्या एका फायलीच्या सुरुवातीला तू म्हणतेस, "बाबा, एवढी एक ऐका ना. दोनच मिनिटं." मागून माझा आवाज येतो, "पाणी जाऊ दे, मग ऐकतो." तू थोडी थांबतेस. मग तशीच गायला लागतेस. तिथपर्यंत येऊन मी दर वेळी बंद करत होतो.

आई गुरुवारच्या बसनं पुण्याला येतेय. प्लेअर तिच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून ठेवला आहे. बंदिशी सगळ्या आहेत, काही पुसलेलं नाही. फोन तू करायचा की नाही, ते तू ठरव. आणि त्या लेखाबद्दल मला वाईट वाटतं. यात विनोद नाही.

आज पाणी आलं होतं, ते पावणेआठला गेलं. मी व्हॉल्व्ह बंद केला, गच्चीवर गेलो आणि ती फाईल शेवटपर्यंत ऐकली. मला सूर कळत नाहीत. पण मधे एकदा तू वर जाऊन क्षणभर तिथंच राहतेस ना, तिथं मी श्वास घेतला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

दोन मिनिटं नव्हती ती, लबाड. अकरा होती.

ऐकलं.

तुझा,
बाबा